बोट धक्क्याला लागेपर्यंत ‘हे कुठलं?’ : फोटोवरून जग ओळखण्याचा खेळ कसा मांडावा

नदीवरच्या क्रूझचा पहिला दिवस निम्मा वाट बघण्यातच जातो. विमान सकाळी उतरतं, बोटीवरच्या खोल्या मात्र दुपारी दोन-तीननंतर हातात येतात. बॅगा ठेवून घेतात आणि माणसांना सांगतात, जरा फिरून या. त्याआधी भुसावळ नाहीतर जळगाव स्टेशनवर गाडीची वाट, मग मुंबईच्या विमानतळावर तीन-चार तास. नाईलवर गेलात तर एस्नाच्या लॉकपाशी बोटींची रांग. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला पाण्याचा हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात, आणि आपला नंबर येईपर्यंत कितीही वेळ जाऊ शकतो. पंचवीस जणांचा ग्रुप असेल तर अशा वेळी निम्मे पेंगतात आणि उरलेले मोबाइलमध्ये डोकं घालतात.

या रिकाम्या वेळेसाठी फोटोवरून ठिकाण ओळखण्याचा खेळ उत्तम. खर्च जवळजवळ नाही, आणि पुढच्या आठवड्यात जे डोळ्यांनी बघायचं त्याची उजळणीही होते. पण तयारी न करता गूगलवरून पाच फोटो उचलून ‘सांगा पाहू’ केलं, तर दहा मिनिटांत खेळ मरतो. दोन हुशार मंडळी उत्तरं देतात, बाकीचे बघत बसतात. तसं होऊ नये म्हणून काय करायचं ते खाली दिलं आहे.

आधी बारा फोटो निवडा

एका बैठकीला बारा पुरतात. एका फोटोला तीन-साडेतीन मिनिटं धरली तर पाऊण तास होतो, त्यापुढे लोक कंटाळतात. बारापैकी तीन सोपे, सहा मध्यम, तीन अवघड ठेवा. सोपे तिन्ही सुरुवातीलाच वापरू नका. एक शेवटच्या नंबरला राखून ठेवा, म्हणजे मागे पडलेली टीमही तोंड गोड करून उठते.

बारातले आठ फोटो ज्या नदीवर चाललात तिच्या काठचे घ्या, दोन जगातले कुठलेही, आणि दोन आपल्या खान्देशातले. हे शेवटचे दोन फार कामाचे. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या काकूंना ऑस्ट्रियातला मेल्कचा मठ ओळखता येणार नाही, पण तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ त्या नुसत्या दगडावरून ओळखतील. एकदा बरोबर आलं की पुढच्या फोटोला त्या पुढे सरकून बसतात. खान्देशातला अवघड फोटो हवा असेल तर लळिंगचा किल्ला ठेवा. धुळ्याचे लोकसुद्धा त्याला सोनगीर म्हणून मोकळे होतात. दोन्ही मुंबई-आग्रा रस्त्यालगतच आहेत, लळिंग धुळ्याच्या दक्षिणेला आणि सोनगीर उत्तरेला.

प्रत्येक फोटोचे तीन तुकडे करा

मूळ फोटो एक, पण दाखवायचे तीन टप्पे. पहिल्यात फक्त एक कोपरा, साधारण दहावा भाग: छपराच्या चार ओळी, पुलाची एक कमान, पुतळ्याचा पंजा. दुसऱ्यात अर्धा फोटो. तिसऱ्यात पूर्ण. पहिल्या टप्प्यावर बरोबर आलं तर तीन गुण, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एक. मोबाइलमधल्या साध्या क्रॉपने हे काम होतं, फक्त मूळ फोटोवर सेव्ह करू नका, कॉपी म्हणून ठेवा. नाहीतर तिसऱ्या टप्प्याला दाखवायला काहीच उरत नाही. ही चूक नवीन माणूस हमखास करतो.

कोपरा कुठला कापायचा, यात खरी कला आहे. नुसतं आकाश किंवा नुसती भिंत दाखवली तर तो अंदाजपंचे खेळ होतो. कोपऱ्यात एक तरी खूण हवी, जिच्यावरून विचार करता येईल.

फोटोंना नाव देताना ‘१अ, १ब, १क’ असंच द्या. बुडापेस्ट असं नाव दिलेली फाइल ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकली की नाव सगळ्यांना दिसतं आणि खेळ तिथेच संपतो. साधा फोटो म्हणून टाकला तर नाव दिसत नाही, पण दर्जा घसरतो आणि कौलांची नक्षी पुसट होते. एचडीचा पर्याय निवडून टाका.

शक्य असेल तर छापूनच घ्या. धक्क्यावर किंवा बोटीच्या गच्चीवर उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. फोटो स्टुडिओत ६ × ८ इंचाच्या प्रिंट काढल्या तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आबांनाही वाचायच्या चष्म्याशिवाय दिसतं. लॅमिनेशन करून घ्या, कारण खान्देशी ग्रुपच्या पिशवीत केळीचे वेफर्स असणारच आणि तेलकट बोटं फोटोवर उमटणारच. नदीकाठी वारा असतो, त्यामुळे चिमट्याची एक पाटी सोबत ठेवा.

ओळखायचं कसं: इमारत शेवटी बघा

खेळणाऱ्यांना सुरुवातीला एवढं एकच सांगा. माणसाची नजर आधी इमारतीवर जाते आणि तिथेच फसते, कारण जगात एकासारखी दुसरी इमारत भरपूर आहे. आधी पाणी बघा, मग पूल, मग छप्पर, मग अक्षरं आणि सावली. या सगळ्यांनी जे सांगितलं ते इमारतीशी जुळतं का, हे शेवटी बघायचं.

पाण्यापासून सुरुवात करू. नदीचा उजवा काठ आणि डावा काठ म्हणजे काय, हे तापीवरून पटकन समजतं. पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. तापी पश्चिमेला जाते, म्हणजे उजव्या हाताला सातपुडा, यावल, चोपडा, थाळनेर, प्रकाशा, आणि डाव्या हाताला भुसावळ-जळगाव. हेच हंगेरीतल्या बुडापेस्टला लावा. तिथे डॅन्यूब नदी दक्षिणेला वाहते. उजव्या हाताचा काठ डोंगराळ, ते बुडा. डाव्या हाताचा सपाट, ते पेस्ट. संसदेची मोठी घुमटाची इमारत सपाट काठावर, पाण्याला लागून आहे. राजवाडा टेकडीवर आहे. फोटोत टेकडी आणि वाडा दिसत असेल तर फोटो काढणारा पेस्टला उभा आहे. वाराणसीचंही असंच. गंगा तिथे उत्तरेला वळते, घाट सगळे पश्चिम काठावर आणि समोरचा काठ रिकामा वाळूचा. म्हणून घाटावर समोरून पडलेलं सोनेरी ऊन दिसलं की वेळ सकाळची.

आता एक फोटो जवळून पाहू. पहिल्या टप्प्यावर फक्त छप्पर दाखवलंय: उतरतं, उभट, रंगीत चकचकीत कौलांचं. बहुतेक जण ‘व्हिएन्ना’ म्हणून ओरडतात, कारण तिथल्या सेंट स्टीफन चर्चचं छप्पर प्रसिद्ध आहे. थांबा. कौलांची नक्षी कशी आहे? नागमोडी, वर-खाली जाणाऱ्या पट्ट्या असतील, आणि कुठे दुतोंडी गरुड दिसत असेल, तर व्हिएन्ना. शंकरपाळ्यासारखे चौकट-चौकट तुकडे असतील तर बुडापेस्टचं मथायस चर्च. दुसऱ्या टप्प्याला अर्धा फोटो उघडला की आणखी पुरावा मिळतो. बाजूला पांढरे टोकदार बुरूज दिसले तर तो मच्छीमारांचा बुरूज, म्हणजे बुडाची टेकडी. खाली नदी दिसली तरी बुडापेस्टच, कारण व्हिएन्नाचं चर्च जुन्या शहराच्या मधोमध आहे आणि मुख्य डॅन्यूब तिथून बरीच लांब वाहते. व्हिएन्नाच्या चर्चला एकच उंच मनोरा आहे, १३६ मीटरचा. हा एक फोटो सावकाश, सगळ्यांसमोर सोडवून दाखवला की खेळाची पद्धत आपोआप समजते.

पुलांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण फोटो बहुतेक वेळा पूलच सोडवतो. बुडापेस्टचे चार पूल नुसत्या रंगावरून लागतात. हिरवा लोखंडी तो लिबर्टी पूल, १८९६चा. पांढरा झुलता तो एलिझाबेथ. दगडी कमानीच्या दोन मनोऱ्यांचा आणि तोंडाशी सिंह बसलेला तो साखळी पूल, १८४९मध्ये खुला झालेला. पिवळा आणि मध्येच वाकलेला तो मार्गारेट. साखळी पुलाच्या सिंहांना जीभच नाही अशी जुनी दंतकथा आहे. जिभा आहेत, पण खालून दिसत नाहीत.

भुसावळची रेल्वेवाली मंडळी ग्रुपमध्ये असतील तर जर्मनीतल्या कोलोनचा फोटो ठेवाच. तिथे ऱ्हाईनवर तीन-तीन लोखंडी कमानींचा रेल्वेपूल आहे, आणि पूल संपतो तिथेच स्टेशन आणि कॅथेड्रल शेजारी शेजारी. दोन मनोरे अगदी एकसारखे, १५७ मीटर. बांधकाम १२४८ला सुरू झालं आणि १८८०ला पुरं झालं, आपल्याकडच्या कुठल्याही रखडलेल्या पुलाला दिलासा वाटावा असं. मनोरा एकच असेल आणि दुसऱ्या बाजूला सपाट गच्चीच दिसत असेल, तर ते स्ट्रासबुर्ग, १४२ मीटरचं. डोक्यावर कांद्याच्या आकाराचे तीन हिरवे घुमट असतील तर पासाऊ, जिथे डॅन्यूब, इन आणि इल्ज या तीन नद्या भेटतात.

रंग ऑस्ट्रियातल्या वाखाऊच्या खोऱ्यातही उपयोगी पडतो. डॅन्यूबच्या काठी टेकडीवर लांबलचक पिवळा मठ म्हणजे मेल्क. निळा-पांढरा मनोरा म्हणजे ड्युर्नस्टाइन. ब्रातिस्लावाचा पांढरा किल्ला चौकोनी आणि चार कोपऱ्यांना चार बुरूज. तिथलेच लोक त्याला उलटं टेबल म्हणतात.

जुळी भावंडं: इथेच सगळे फसतात

मध्यम आणि अवघड फोटो याच यादीतून घ्या.

जर्मनीत रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूबच्या वर टेकडीवर वाल्हाला नावाची पांढरी, खांबांची इमारत आहे. १८४२मध्ये खुली झाली आणि अगदी अथेन्सच्या पार्थेनॉनसारखी बांधली आहे. ओळखायचं सोपं आहे. वाल्हालाला छप्पर शाबूत आहे, खाली मोठ्या पायऱ्या आणि हिरवी झाडी. पार्थेनॉन मोडका, उघडा आणि भोवती खडक.

स्वातंत्र्यदेवता दिसली की न्यूयॉर्क म्हणू नका. पॅरिसला सेन नदीच्या मधल्या बेटावर तिची छोटी प्रतिकृती आहे, साधारण साडेअकरा मीटरची, १८८९ची. मागे आयफेल टॉवर डोकावला तर संशयच नको. आयफेलचंही भावंड आहे: टोकियो टॉवर, १९५८चा, ३३३ मीटर, पण रंग नारिंगी-पांढरा.

लाल झुलता पूल म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट, असं दहातले नऊ जण सांगतील. तो १९३७चा. लिस्बनला टॅगस नदीवर १९६६चा जवळजवळ तसाच पूल आहे. खालच्या मजल्यावरून रेल्वे जाताना दिसली, किंवा काठावर हात पसरलेला ख्रिस्त दिसला, तर लिस्बन. आणि तो ख्रिस्त पाहून रिओ म्हणणारेही भेटतात. रिओचा ख्रिस्त डोंगराच्या माथ्यावर आहे, लिस्बनचा उंच चौथऱ्यावर, पुलाशेजारी.

लंडनला थेम्सवर दोन मनोऱ्यांचा, उघडणारा पूल तो टॉवर ब्रिज, १८९४चा. लंडन ब्रिज म्हणजे वेगळाच, दिसायला साधा पूल. हा प्रश्न भांडण लावतो, म्हणून उत्तराची चिठ्ठी आधीच लिहून ठेवा.

घराजवळचं भावंड म्हणजे संभाजीनगरचा बीबी का मकबरा. फोटोत बाजूला लाल दगडाची मशीद दिसली तर ताजमहाल. मकबऱ्याच्या शेजारी तशा लाल इमारती नाहीत, आणि चारही मिनार मुख्य इमारतीच्या मानाने जाडजूड वाटतात.

नाईलवाल्यांसाठी एक. लक्सरच्या देवळासमोर एकच उभा दगडी स्तंभ आहे. त्याचा जोडीदार १८३६पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. भोवती गाड्या फिरत असतील तर पॅरिस, मागे बसलेले राजे असतील तर लक्सर. कोम ओम्बोचं देऊळ दोन देवांचं, म्हणून दरवाजेही दोन. ससाण्याचा काळा दगडी पुतळा दिसला तर एडफू.

सावली, अक्षरं, पाट्या आणि झेंडे

सावलीचा हिशोब खान्देशच्या माणसाला शिकवावा लागत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला भर दुपारी सावली पायाखाली जाते. कोलोनला तसं कधीच होत नाही. जूनमध्ये, दुपारी ऐन माथ्यावरच्या उन्हातही माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्मी असते. म्हणून फोटोत माणसांना सावलीच दिसत नसेल आणि ऊन रणरणतं असेल, तर युरोप खोडून टाका. अस्वान असू शकेल.

दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांत ‘ओ’ किंवा ‘यू’वर दोन तिरक्या रेघा दिसल्या तर हंगेरी. दोन टिंबं मात्र जर्मनमध्येही असतात आणि हंगेरियनमध्येही, त्यावर निकाल देऊ नका. रशियनसारखी लिपी दिसली तर डॅन्यूबवर बहुधा बल्गेरिया किंवा सर्बिया.

काठावर मोठे आकडे लिहिलेले बोर्ड असतात, ते नदीचे किलोमीटर. यातली गंमत बहुतेकांना माहीत नसते: डॅन्यूबचे आकडे समुद्राकडून वर मोजतात, ऱ्हाईनचे वरून खाली. डॅन्यूबवर बुडापेस्ट साधारण १६४७, व्हिएन्ना १९२९, पासाऊ २२२६. ऱ्हाईनवर लोरेलायचा कडा ५५४च्या आसपास आणि कोलोन ६८८. फोटोच्या कडेला असा बोर्ड आला असेल तर तोच पहिल्या टप्प्याचा तुकडा म्हणून कापा. अवघड फोटो हवा असेल तर याहून चांगला मिळणार नाही.

झेंड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. युरोपातल्या कितीतरी क्रूझ बोटी स्वित्झर्लंडमध्ये नोंदवलेल्या असतात. मागच्या टोकाला लाल झेंड्यावर पांढरा क्रॉस आणि खाली ‘बासेल’ लिहिलेलं दिसतं, आणि बोट उभी असते बुडापेस्टला.

खेळ चालवताना

चार-चारच्या टीम करा. नवरा-बायको एकाच टीममध्ये नकोत, एकमेकांवर चिडतात. प्रत्येक टीममध्ये एक तरुण, एक साठीपुढचा, एक लिहिणारा. उत्तर कागदावर लिहून द्यायचं, ओरडायचं नाही. ‘हाई काय शे भो?’ असं एकमेकांना विचारत कुजबुजायला चाळीस सेकंद पुरेत.

गुण देताना देश, नदी किंवा शहर, आणि नाव, असे वेगवेगळे भाग पाडा. नुसता देश बरोबर आला तरी त्या टप्प्याच्या गुणांपैकी एक द्या. उच्चारावरून अडवू नका. कोलोन, कोलन, क्योल्न, सगळं चालतं.

मोबाइल पालथे, किंवा पिशवीत. फोटोवरून शोधणारं ॲप पाच सेकंदांत उत्तर सांगतं, आणि एकाने ते केलं की बाकीच्यांचा रस संपतो. खेळ संपल्यावर मात्र तेच ॲप वापरून उत्तरं सगळ्यांसमोर तपासायला हरकत नाही.

प्रत्येक उत्तरामागे दोन पुरावे लिहिलेली चिठ्ठी तुमच्याकडे हवी. उदाहरणार्थ, ‘मथायस चर्च: शंकरपाळी नक्षी, शेजारी पांढरे बुरूज’. एखादे आप्पा ‘मी तिथे जाऊन आलोय’ म्हणून हटून बसले की ही चिठ्ठी वाचून दाखवायची. तरी मिटलं नाही तर दोन्ही टीमना गुण द्या आणि पुढचा फोटो काढा.

काय बिघडतं

सर्वांत मोठं संकट म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो. ‘जगातला सर्वात सुंदर पूल’ म्हणून आलेला फोटो बऱ्याचदा दुसऱ्याच देशातला असतो, आणि आता तर यंत्राने बनवलेली चित्रंही त्यात मिसळली आहेत. अशा चित्रात पाट्यांवरची अक्षरं कुठल्याच भाषेत लागत नाहीत, कमानी मोजल्या तर दोन्ही बाजूंना वेगळ्या निघतात. फोटो निवडतानाच दोन वेगळ्या ठिकाणी तपासून घ्या. शंका असेल तर तो वापरूच नका.

जुने फोटोही गोंधळ घालतात. पॅरिसच्या नोत्रदामचा सुळका एप्रिल २०१९च्या आगीत कोसळला आणि चर्च डिसेंबर २०२४ला पुन्हा उघडलं. परांची लावलेला फोटो दाखवलात तर कुणीतरी म्हणणारच, ‘असं तर नाहीये ते.’ उलट ‘हा फोटो साधारण कुठल्या काळातला?’ असा जादा गुणाचा प्रश्न त्यावर छान बसतो.

दुसरं, मधेच बोलावणं येतं. खोल्या तयार झाल्या, पासपोर्ट जमा करायचे, सुरक्षेची कवायत. म्हणून गुण फोटोगणिक त्याच क्षणी बेरजेत घाला, शेवटी मोजू म्हणून ठेवू नका. खेळ पाचव्या फोटोवर थांबला तरी निकाल तयार असला पाहिजे. रिसेप्शनच्या टेबलावर प्रिंट पसरू नका. तिथे कर्मचाऱ्यांचं काम चालू असतं, आणि गर्दीच्या धक्क्याला बोटी एकमेकींना चिकटून उभ्या असल्या तर पलीकडच्या बोटीचे प्रवासीही तुमच्याच लॉबीतून ये-जा करतात.

उरलेले फोटो मोडीत काढू नका. पहिल्या रात्री जेवणानंतर, किंवा दुपारी बोट लॉकच्या हौदात उतरली आणि खिडकीबाहेर नुसती ओली काँक्रीटची भिंत आली की तिथून पुढे चालू करा. लॅमिनेट केलेल्या प्रिंट रबर लावून एका डब्यात ठेवा, उत्तराच्या चिठ्ठ्या मात्र वेगळ्या पाकिटात. दोन्ही एकत्र ठेवलं तर डबा उघडणाऱ्या नातवाला सगळी उत्तरं पाठ झालेली असतात.